दोन दाती हायब्रीड

आमच्या घरात ‘हायब्रीड’ हा शब्द निघाला की अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, तोंडाची चव जाते. हा अलंकार नव्हे. ते खरोखर जीभ टाळूला लावून बघतात आणि जेवण नुकतंच झालं असेल तर लवंगेची डबी शोधतात.

त्या रविवारी रात्री हात पुसता पुसता मी म्हणालो, “अण्णा, हायब्रीड घ्यावी म्हणतो.” तेव्हा ते आधी डबीकडे वळले आणि मग माझ्याकडे.

“कितीक घ्यायलास? पोतंभर?”

“गाडी, अण्णा. हायब्रीड गाडी.”

“खायची असू नाहीतर बसायची. हायब्रीड नगं.”

बाकी महाराष्ट्रात हायब्रीड हे विशेषण असेल, मराठवाड्यात ते नाम आहे. हायब्रीड म्हणजे संकरित ज्वारी. १९६४ साली सी.एस.एच.-१ हे देशातलं पहिलं संकरित ज्वारीचं वाण आलं, आणि बहात्तरच्या दुष्काळाच्या मागंपुढं हायब्रीड आमच्याकडच्या काळ्या रानात पसरलं. बुटकं ताट, भरगच्च कणीस. खळ्यावरची रास बघून माणूस हरखायचा आणि ताटातली भाकरी बघून गप्प व्हायचा. कारण हे पीक पावसाळी. कणसात दाणा भरायला आणि परतीचा पाऊस यायला एकच गाठ पडायची. दाणा काळा, म्हणून भाकरी काळी, आणि दुपारच्या न्याहारीला फडकं सोडावं तर आत वहाणेचा तळ. तेव्हापासून हा शब्द आमच्याकडे सगळ्यांना लावून झाला आहे. सहा फूट उंची असून कट्टा न उचलणारा पोरगा हायब्रीड. पहिल्या पावसात शिंकणारा जावई हायब्रीड. विहिरीत पोहायला घाबरणारा पुण्याचा भाचा तर हायब्रीडचा बियाणे प्लॉट.

“त्याच हायब्रीडच्या भाकरीवर तुमची तीन लेकरं वाढली,” आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

अण्णांना ते ऐकू आलं नाही. कमी ऐकू येणं हे त्यांचं फार सोयीचं दुखणं आहे.

मी कापसाचा मुद्दा काढला. “तुम्ही स्वतः नांदेड-४४ लावत होतात. एन.एच.एच.-४४. त्यातला एक एच हायब्रीडचाच आहे.”

“ते आपल्या नांदेडचं हाय,” अण्णा म्हणाले, आणि लवंग तोंडात गेली. सभा बरखास्त.

आता मला हायब्रीडच का हवी होती, ते सांगतो. इलेक्ट्रिक घ्यावी तर लोहा तालुक्यातल्या आमच्या मूळ गावी वीज कधी येते हे फक्त विहिरीवरच्या मोटारीला ठाऊक. डिझेल घ्यावी तर मुलगी पर्यावरणावर निबंध वाचून दाखवते. सीएनजी घ्यावी तर डिक्कीत टाकी बसते आणि सासूबाईंची पेटी मांडीवर येते. राहिली हायब्रीड. म्हणजे पेट्रोलचं इंजीन आहेच, जोडीला एक विजेची मोटार आणि एक लहानशी बॅटरी. सावकाश चालताना मोटार ओढते, जोर लागला की इंजीन उठतं, आणि कुठंही वायर लावून चार्ज करायची भानगड नाही. जपानात टोयोटाने १९९७ मध्ये प्रियस आणली तेव्हापासून हे चाललंय. आपल्याकडे ते मध्यमवर्गाच्या नजरेच्या टप्प्यात आलं २०२२ मध्ये, मारुतीची ग्रँड व्हिटारा आणि टोयोटाची हायरायडर आल्यावर. दोघींचा पाळणा एकच, बंगळूरजवळचा बिदादीचा कारखाना. जुळ्या बहिणी, फक्त आडनावं वेगळी. त्यांतली कोणती आमच्या दारात आली हे सांगत नाही, कारण दुसरी घेतलेले दोन शेजारी आमच्याच गल्लीत आहेत.

कागदावर ही गाडी लिटरला २७.९७ किलोमीटर धावते. या पॉइंट सत्त्याण्णवमध्ये मोठी ताकद आहे. सरळ अठ्ठावीस म्हटलं असतं तर कुणीही म्हणालं असतं, थापा मारतात. २७.९७ म्हटल्यावर माणसाला वाटतं, कुणीतरी मोजलेलं दिसतंय. मोजलेलं असतंच. गाड्या तपासणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासून पुण्यात आहे. तिथं गाडी रोलरवर चढवून जागच्या जागी पळवतात. पुणं न सोडता सगळं जग पाहिल्याचा हिशेब मांडायचा, यात निदान पुणेकरांना तरी काही नवल वाटू नये.

आणि ही गाडी म्हणे छोटी. छोटी कुणाच्या मते, हा प्रश्न आहे. आपल्या देशात गाडी छोटी की मोठी हे डोळे ठरवत नाहीत, करखातं ठरवतं. लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजीन बाराशे सीसीपर्यंत असेल तर गाडी छोटी. २०२५ च्या सप्टेंबरपासून अशा गाडीला जीएसटी १८ टक्के, आणि त्यापलीकडे गेली की सरळ ४०. ग्रँड व्हिटाराची लांबी ४,३४५ मिलिमीटर. म्हणजे वर फक्त दीड वीत! गल्लीत वळवताना ती दीड वीत जाणवत नाही, बिल बघताना मात्र तीच दिसते.

म्हणून मी ठरवलं, नवी नाही, ‘जवळजवळ नवी’ घ्यायची.

हा शब्द नीट समजून घेतला पाहिजे. ‘सेकंडहँड’ म्हणजे माणसाची ऐपत नव्हती. ‘जवळजवळ नवी’ म्हणजे माणसाने हिशेब केला. वस्तू तीच, फक्त पाहुण्यांना सांगताना पाठीचा कणा वेगळा असतो. जवळजवळ नवी गाडी म्हणजे दोन वर्षांच्या आसपासची, पंचवीस हजार किलोमीटरच्या आत पळालेली आणि सीटवरचं कंपनीचं प्लास्टिक अजून अंगावर असलेली. हिशेबही खोटा नव्हता. दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला आपल्या राज्यात बारा टक्के रोड टॅक्स. तो पहिल्या मालकाने एकदाच भरलेला असतो, आणि गाडी राज्यातल्या राज्यात विकली तर आपल्याला पुन्हा भरावा लागत नाही. माणूस माणसाला विकतो तेव्हा जीएसटीही नाही. हायब्रीडच्या बॅटरीला कंपनीची हमी आठ वर्षं किंवा एक लाख साठ हजार किलोमीटर. दोन वर्षं गेली तरी सहा उरतात. हे सगळं मी पाठीमागं कोऱ्या असलेल्या लग्नपत्रिकेवर लिहून काढलं आणि अण्णांसमोर धरलं.

“एवढं सगळं चांगलं हाय, तर त्यो इकायलाय कशाला?” अण्णांनी विचारलं.

जुनी गाडी घेणाऱ्याच्या छातीत हा एकच प्रश्न रात्रभर गुणगुणतो, आणि तो प्रश्न लग्नपत्रिकेवर नव्हता.

गाडी मिळाली ती लातुरात. इथं आणखी एक पेच उभा राहिला. नांदेडच्या माणसाने लातूरची गाडी घ्यावी का? बाहेरच्यांना आम्ही दोघं मराठवाड्यातले, पण आमच्या आपसात हिशेब अजून मिटलेला नाही. त्यांनी दोन मुख्यमंत्री दिले, निलंगेकर आणि विलासराव. आम्हीही दोन दिले, शंकरराव आणि अशोकराव. सामना बरोबरीत. महसूल आयुक्तालय कुणाकडे, हा वाद २००९ पासून दोन्ही गावं जपून ठेवत आली आहेत. जनावरांतही तेच. त्यांची देवणी, आमची लाल कंधारी. अण्णा कट्टर कंधारी पक्षाचे. आयुष्यात त्यांनी देवणी बैल दावणीला बांधला नाही. बांधला नाही म्हणजे परवडला नाही, असं आई म्हणते.

“एम.एच. चोवीस?” अण्णा म्हणाले. “सव्वीसच्या गल्लीत चोवीसचं जनावर?”

तरी ते यायला तयार झाले. व्यवहार बघायला मिळणार असेल तर अण्णा वैऱ्याच्या घरीही जातील. शिष्टमंडळ चौघांचं ठरलं. मी पैसे देणारा, अण्णा जनावर जोखणारे, दाजी बोलणारे आणि मामू तपासणारे. दाजींनी आजवर एकही गाडी घेतलेली नाही, पण नातेवाइकांच्या अकरा गाड्यांचा सौदा त्यांनी मोडला आहे. मामू म्हणजे हिंगोली गेटकडचे आमचे मिस्त्री. बॉनेटला कान लावून ते कोणत्या सिलिंडरला खोकला झालाय हे सांगतात. आजवर ते चुकले असतील, पण चुकले हे आमच्या लक्षात येण्याइतकी आमची विद्या नाही.

सोनखेड, लोहा, माळेगाव, अहमदपूर, शिरूर ताजबंद, चाकूर असं करत आम्ही भाड्याच्या जीपने लातूरला निघालो. माळेगाव आलं तसे अण्णा खिडकीशी सरकले. दर मार्गशीर्षात इथं खंडोबाची यात्रा भरते. घोडे, उंट, गाढवं आणि बैल यांचा एवढा मोठा बाजार आमच्या मुलखात दुसरा नाही. अण्णांचं सगळं अर्थशास्त्र या माळावर झालेलं. “इथं मी सोळा बैलं घेतली,” ते म्हणाले, “आन फसलो फकस्त दोनदा.” मग जरा थांबून म्हणाले, “दोनीबारी लातूरचाच हेडी व्हता.” जनावरांचा व्यापार करणाऱ्याला आमच्याकडे हेडी म्हणतात. आज आमचा हेडी कोण, याचा मी मनातल्या मनात अंदाज घेऊ लागलो.

मालक क्लासेसचे सर निघाले. लातुरात दर तिसऱ्या गाडीचा मालक ‘सर’ असतो आणि उरलेल्या दोन गाड्या त्यांच्याकडे मुलांना सोडायला आलेल्या असतात. दलालांच्या तोंडी जशी ‘डॉक्टरांची गाडी, एकहाती वापर’ ही ओवी असते तशी लातुरात ‘सरांची गाडी’. हे सर फिजिक्स शिकवणारे. बोलताना ते प्रत्येक वाक्यानंतर थांबून आमच्याकडे बघत. कळलं का, असा त्याचा अर्थ. दाजी दरवेळी मान हलवत.

गाडी अंगणात उभी होती. पांढरीशुभ्र, आणि पुढं नाकाडावर काळी जाळी. अण्णांनी चष्मा लावला, एक फेरी मारली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “वानेरा हाय.”

देवणीत तीन तऱ्हा. सगळा पांढरा तो बाळंक्या, अंगावर काळे ठिपके तो शेवरा, आणि अंग पांढरं पण तोंडाच्या बाजू काळ्या, तो वानेरा. अण्णांच्या लेखी गाडीची जात आता ठरली. या संधीचा फायदा घेऊन मी म्हणालो, “देवणी पण गीर आणि डांगीच्या संकरातूनच झाली म्हणतात, अण्णा. म्हणजे हायब्रीडच.” अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुढची पाच मिनिटं सरांच्या घराच्या पायऱ्या मोजत उभा राहिलो.

सरांनी बटण दाबलं. आम्ही वाट बघत राहिलो.

“चालू करो ना साब,” मामू म्हणाले.

“चालूच आहे.”

पडद्यावर ‘रेडी’ असा हिरवा दिवा लागला होता आणि गाडी देवळात बसल्यासारखी गप्प होती. मामूंनी बॉनेट उघडलं, सवयीने कान लावला. डावीकडून लावला, उजवीकडून लावला. मग त्यांनी स्वतःच्या कानात करंगळी घालून बघितली. चाळीस वर्षांच्या धंद्यात पेशंटने तोंडच उघडलं नाही असं पहिल्यांदाच झालं होतं.

“सेल्फ किधर है?”

“वेगळा स्टार्टर नाही. मोटारच इंजीन सुरू करते,” सर म्हणाले आणि थांबले. दाजींनी मान हलवली.

“डायनमो?”

“नाही. तेही तीच मोटार बघते.”

“क्लच?”

“नाही.”

मामूंनी कपाळावरचा घाम पुसला. “साब, जो जो बिगडता, वो वो इसमें हैच नई. तो हमने खाना क्या?” तेवढ्यात त्यांचं लक्ष जाड नारिंगी वायरींकडे गेलं. त्यांतून मोठा व्होल्टेज जातो, शिकलेल्या माणसाशिवाय कुणी हात लावायचा नाही, असं सरांनी सांगताच मामू घोणस दिसल्यासारखे दोन पावलं मागं सरले आणि तिथूनच त्यांनी निकाल दिला, “गाडी अच्छी है.” न बोलणाऱ्याबद्दल आपण नेहमी चांगलंच बोलतो.

मग अण्णांची पाळी. बैलाचं वय हेडी सांगतो ते नसतं, दात सांगतात ते असतं. अदंत, दोन दाती, चार दाती, सहा दाती, मग जुळला. म्हणून अण्णांचा हात सवयीने जाळीकडे गेला. मी त्यांना खाली बसवलं आणि टायरच्या कडेवरचे चार आकडे दाखवले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. तिथं होतं १८२४. म्हणजे २०२४ च्या अठराव्या आठवड्यात झालेला टायर. आर.सी. २०२४ च्या जूनची. जुळलं.

अण्णांचा चेहरा उजळला. एवढ्या यंत्रात आपल्या ओळखीचं काहीतरी भेटलं होतं. “म्हणजे दात हायत की!” ते चारी चाकांपाशी उकिडवे बसत फिरले. चौथ्या चाकापाशी त्यांचा आवाज चढला. “ह्यो दात येगळा हाय.” तिथं आकडे होते ४०२५.

सरांनी खुलासा केला, खड्ड्यात कड फाटली म्हणून एक टायर बदलला. अण्णा उठले, गुडघे झाडले आणि दाजींना म्हणाले, “दोन दाती हाय, पन एक दात पडलेला हाय. हिशेबात धर.” सर्व्हिसची नोंदवही, विम्याचे क्लेम, मोबाईलवर नंबर टाकून निघणारी कुंडली हे सगळं मी आठवडाभर तपासलं होतं. त्यातून जे निघालं नाही ते अण्णांनी उकिडवं बसून काढलं.

पुढची परीक्षा डिक्कीची. हायब्रीडची बॅटरी डिक्कीच्या तळाशी बसते, त्यामुळे साध्या ग्रँड व्हिटाराची ३७३ लिटरची जागा हायब्रीडमध्ये २६५ वर येते. पण लिटर हे माप तेलाचं. डिक्कीचं माप आमच्याकडे कट्टा. “सोयाबीनचे कट्टे किती बसतेत?” अण्णांनी विचारलं. फिजिक्स शिकवणाऱ्या माणसाला घनफळाचा इतका सरळ प्रश्न कुणी विचारला नसावा. ते म्हणाले, “आम्ही कधी टाकले नाहीत.” अण्णांनी हाताने अंदाज घेतला. “दोन. तिसरा मांडीवर.”

“आन चार्जिंगला कुठं लावायची?”

हा प्रश्न मला ठाऊक होता, मी पाठ करून आलो होतो. “अण्णा, लावायची नाहीच. इंजीन चालताना बॅटरी भरतं, आणि ब्रेक दाबला, उतार लागला, की चाकाचा जो जोर वाया जायचा तोही परत बॅटरीत. बैल कसा, चालताना खातो आणि बसला की तेच परत चघळतो. तसं रवंथ करते ही.”

“गाडीला काय चार पोटं असतेत?” अण्णा म्हणाले. माझा दृष्टांत तिथंच मेला. सरांनी मात्र तो खिशातल्या डायरीत लिहून घेतलेला मी पाहिला.

आता तो प्रश्न. गाडी विकायची का? दाजींनी तो विचारला, आणि सर पहिल्यांदाच वाक्य संपल्यावर न थांबता बोलले. त्यांचं एक होस्टेलही होतं. पूर्वी त्यांच्याकडे जुनी डिझेल होती. ती चौकात वळली की होस्टेलात कळायचं आणि सर जिन्यावर येईपर्यंत दोनशे मुलं अभ्यासाला बसलेली असायची. सरही समाधानी, पालकही समाधानी. हायब्रीड आली आणि सर आवाज न होता दारात येऊ लागले. मग जे दिसायला नको ते दिसू लागलं. पत्ते दिसले, मोबाईल दिसले, एकदा तर खिडकीतून दोरीने वर चाललेली बिर्याणी दिसली. “शिक्षकाने येण्याआधी आवाज केला पाहिजे,” सर म्हणाले. “ही गाडी मला लाभली नाही.”

लाभणे या क्रियापदाला आमच्याकडे सर्वोच्च न्यायालयाचा दर्जा आहे. त्यापुढे अपील नाही. घर, सून, बैल, गाडी, ज्याला लाभलं नाही त्याने द्यावं आणि ज्याच्या नशिबात आहे त्याने घ्यावं. अण्णांनीही मान डोलावली. त्यांच्या छातीतला प्रश्न शांत झाला.

भाव करायची वेळ आली तसा दाजींनी घसा खाकरला. पण अण्णांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि सरांच्या हातावर टाकला. माळेगावच्या बाजारात भाव तोंडाने होत नाही. टॉवेलाखाली हात हातात घ्यायचा आणि बोटं धरून आकडा सांगायचा. भोवती शंभर माणसं असली तरी गोष्ट दोघांतच राहते. अण्णांनी टॉवेलाखाली सरांची बोटं धरली, दाबली, सोडली, पुन्हा दाबली. सर अवघडून उभे. त्यांना दाब कळला, भाव कळला नाही. शेवटी त्यांनी हळूच माझ्याकडे बघून विचारलं, “यांना काही त्रास होतोय का?”

मग मी दुभाषा झालो. अण्णा टॉवेलाखाली माझी बोटं धरत, मी तो आकडा सरांना लेखी देत होतो, आणि सरांनी वर काही म्हटलं की अण्णा पडलेल्या दाताकडे बोट दाखवत. दाजींनी मध्येच “राहू द्या, नांदेडला दुसरी बघू” असं म्हणून बारावा सौदा मोडायचा प्रामाणिक प्रयत्न केला. तासाभराने जुळलं. कितीला, ते विचारू नका. टॉवेलाखालचा भाव उन्हात सांगायचा नसतो. इसार दिला, पेढा खाल्ला, आणि आठवड्याने उरलेले पैसे देऊन गाडी घेऊन निघालो.

परतताना मी हवेत होतो. चाकूर गेलं, अहमदपूर गेलं, पडद्यावरचा आकडा वरवर चाललेला. पंचवीस, सव्वीस. विष्णुपुरीला आलो तेव्हा २७.४! मी गाडी बाजूला घेतली, फोटो काढला, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. अंगठे आले, फेटेवाले आले, पुण्याच्या भाच्याने टाळ्या पाठवल्या. मी फोटो अण्णांसमोर धरला.

“लातूर वर, नांदेड खाली,” अण्णा म्हणाले. “उताराला कोन्ताबी बैल पळतो. चढाला बगू.”

खरंच की. ते बालाघाटच्या पठारावर, आपण गोदावरीच्या काठावर. मध्ये चढउतार असले तरी जमाखर्चात उतारच. माझं सगळं सत्तावीस पॉइंट चार हे शाळेतल्या भूगोलाचं यश होतं.

चढाचा योग लगेच आला. मालकी बदलायला नमुना २९ आणि ३० यांवर विकणाऱ्याची सही लागते, आणि गाडीवर कर्ज असेल तर ते फिटल्याचा नमुना ३५ लागतो. सरांनी सगळे कागद वेळेत दिले होते, विमाही माझ्या नावावर करायला लावला होता. त्यांचा नो क्लेम बोनस तेवढा त्यांच्याकडेच राहिला, कारण ते पुण्य मालकाचं असतं, गाडीचं नसतं. सगळं चोख. फक्त सरांनी सवयीने प्रत्येक सही लाल पेनाने केली होती, आणि दोन ठिकाणी माझ्या अर्जातला ऱ्हस्वदीर्घ दुरुस्त केला होता. कागद बघणारा एजंट म्हणाला, नवीन करून आणा.

पुन्हा लातूर. या वेळी अण्णा मुद्दाम पुढं बसले. पडद्यावर एक चित्र येतं. इंजीन, बॅटरी, चाकं आणि मध्ये बाण. सपाटीला बॅटरीकडून चाकाकडे एकच बाण. लोहा मागं पडलं, चढ लागला, तसं इंजीन उठलं आणि दोन बाण एकाच वेळी चाकाकडे धावू लागले. अण्णा चष्मा सावरून ते बघत राहिले. जरा उतार आला की बाण उलटे, चाकाकडून बॅटरीकडे. पुन्हा चढ, पुन्हा दोन्ही. असं पन्नास किलोमीटर एक शब्द नाही. अहमदपूरच्या पुढं ते एवढंच म्हणाले, “दोगंबी अंगचोर न्हाईत.”

बैलजोडीला अण्णांकडून याहून मोठं प्रमाणपत्र मी कधी ऐकलेलं नाही.

लातूरला पोहोचलो तेव्हा आकडा होता २०.९. मी पडद्यावर हात ठेवला, पण अण्णांनी बघितला होता. “वर जाताना एकवीस धर, खाली येताना सत्तावीस. चोवीस झाले. संसार चोवीसनंच करायचा असतो.” ग्रुपवर या वेळी मी फोटो टाकला नाही.

निळ्या शाईच्या सह्या घेऊन परतताना अण्णांनी माळेगावला थांबवलं. खंडोबाला हात जोडून आले आणि मुठीतला भंडारा त्यांनी गाडीच्या काळ्या नाकावर लावला. जनावर दावणीला आणताना लावतात तसा, दोन्ही बाजूंनी, डोळ्यांत जाऊ न देता.

गल्लीत शिरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. गाडी मोटारीवर, आवाज नाही, म्हणून ओट्यावरच्या मंडळींना कळायच्या आत आम्ही त्यांच्या पुढ्यात. शेजारचे काका दचकून उठले, नंबर वाचला आणि म्हणाले, “चोवीस? लातूरची का?” मग टोपी सारखी करत एक फेरी मारून म्हणाले, “हायब्रीड म्हणतेत ते हेच ना? पण चार्जिंगला कुठं लावायलाव?”

मी पाठ केलेलं उत्तर द्यायला तोंड उघडलं. अण्णांनी हाताने मला थांबवलं आणि खाली उतरून बॉनेटवर थाप मारली.

“लावावं लागत न्हाई,” ते म्हणाले. “रवंथ करती ती.”